एकोणीस नंबरचा भोपळा

माझ्या घरमालकांच्या खिशाला दोन पेने असत. एक हिरवे, एक तांबडे. निळे पेन त्यांनी निवृत्तीच्या दिवशी कंपनीतच ठेवून दिले होते, कारण निळ्या शाईने नुसती मते लिहिली जातात, निकाल लिहिला जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. चाकणला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे तपासणी विभागात काढली होती. कंपनीने त्यांना निवृत्त केले. त्यांनी तपासणीला निवृत्त केले नव्हते. पिंपळे गुरवमधल्या त्यांच्या दुमजली घरात मी वरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा त्यांनी किल्लीच्या आधी माझ्या हातात एक तक्ता ठेवला. त्यात चौदा ओळी होत्या: नळ मिनिटाला किती थेंब गळतो, खिडकी किती अंशांपर्यंत उघडते, पंखा तिसऱ्या वेगावर किती डोलतो. पंख्याला एक पिवळी चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर लिहिले होते, ‘होल्ड’. म्हणजे हा पंखा चांगला की वाईट, याचा निर्णय अद्याप व्हायचा होता. मी त्या खोलीत सहा वर्षे राहिले. निर्णय झाला नाही.

वर्गात शिकवायची सवय असल्याने ही चिठ्ठ्यांची पद्धत मी आधीच नीट सांगून ठेवते. तपासलेल्या मालाला हिरवी चिठ्ठी लागली, तर तो पास. पिवळी लागली, तर थांबवलेला. तांबडी लागली, तर रिजेक्ट. आणि रिजेक्ट मालाला लगेच भोक पाडायचे, हा नियम. भोक कशासाठी, असे मी त्यांना एकदा विचारले होते. उत्तर देताना त्यांचा आवाज खाली आला.

“बाई, रिजेक्ट माल धडधाकट गेटबाहेर गेला, की तो कुणाच्या ना कुणाच्या गाडीत जाऊन बसतो. मग ती गाडी उतारावर थांबत नाही.”

डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. “डोळा हा नातेवाईक असतो,” ते म्हणत, “तो आपल्याच माणसाची बाजू घेणार.” म्हणून कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या चामडी पाकिटात जाडी-रुंदी मोजायची व्हर्निअरची पट्टी कायम असे. लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलेबीचा व्यास मोजताना मी पाहिले आहे. वाढप्याने आणखी एक घेण्याचा आग्रह केला, तेव्हा ‘मोठी आहे, पण गोल नाही’ असा शेरा मारून त्यांनी ती घेतली व खाल्ली. पुतणीसाठी स्थळ पाहायला ते देहूरोडला गेले असता, मुलाला चार प्रश्न विचारून झाल्यावर ते मुलाच्या वडिलांकडे वळले आणि म्हणाले, “सॅम्पल ठीक आहे. आता लॉट दाखवा.” मुलाचे तीन काका, दोन आत्या आणि आतल्या खोलीत झोपलेले आजारी आजोबा, असा सगळा लॉट बैठकीत आणून बसवण्यात आला. लग्न झाले आणि दुर्दैवाने सुखाचेही झाले, त्यामुळे पुढे त्यांना कोणी बोलू शकले नाही.

अशा माणसाने भोपळे पिकवावेत, ही निसर्गाने भोपळ्यांची केलेली थट्टाच म्हणायला हवी.

घराच्या गच्चीवर अकरा निळी पिंपे होती. प्रत्येकात माती आणि प्रत्येकातून वर चढलेला एक वेल. हा भाजीचा भोपळा नव्हे. हा कडू असतो, खाता येत नाही. पण वाळला की त्याची साल लाकडासारखी टणक होते आणि आतून पोकळ राहते. याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा घरमालक चित्रकलेचा ब्रश घेऊन गच्चीवर जात आणि नर फुलावरचे पराग मादी फुलावर स्वतः लावत. माश्यांवर सोपवले, तर नोंद राहत नाही, हे त्याचे कारण. कुठल्या पिंपातले बी, कधी पेरले, फूल कधी आले, देठ कधी वाळला, हे सारे एका जाड रजिस्टरात असे. “ज्या पीसची जन्मतारीख माहीत नाही, तो पीस मी हातात घेत नाही,” असे ते म्हणत. फळ देठावरच वाळू द्यायचे, मग सावलीत महिनोन्‌महिने ठेवायचे. वरून बुरशी येते, ती बोथट सुरीने खरवडायची. आणि हलवल्यावर आत बिया वाजू लागल्या, म्हणजे तयार. दर रविवारी ते प्रत्येक भोपळा पाव फेरा वळवून ठेवत. त्या दिवशी त्यांना हाक मारायची नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

हा सगळा खटाटोप एका एकतारीसाठी होता.

घरमालकांचे वडील मराठवाड्यातून पिंपरीला आले आणि भट्टीवर कामाला लागले. शिफ्ट सुटली, की ते चाळीजवळच्या विहारात एकतारी घेऊन गात. जयंतीच्या दिवसांत तर त्यांना आसपासच्या वस्त्यांतून बोलावणे येई. ते वारले. पुढे चाळ सोडून कुटुंब या घरात आले, तेव्हा टेम्पोत एक लोखंडी ट्रंक घसरली आणि एकतारीचा भोपळा फुटला. दांडी, खुंटी आणि वरची लाकडी तबली वाचली. टेम्पोतले सामान माझ्या घरमालकांनी स्वतः रचले होते. ही माहिती त्यांनी मला कधी दिली नाही. त्यांच्या आईने दिली. त्यांच्यादेखत आणि मोठ्याने.

मोठ्याने, कारण आईंना कमी ऐकू येत होते. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. उजवा कान पूर्ण गेला होता आणि डावाही फार दिवस साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांची एकच मागणी होती: डावा कान चालू आहे तोवर ती एकतारी पुन्हा एकदा ऐकायची.

कोणीही दुसऱ्या दिवशी बाजारातून एक वाळका भोपळा आणला असता. माझ्या घरमालकांनी फुटलेले तुकडे दोऱ्याने बांधून त्यांचा घेर मोजला. तो भरला सहाशे चाळीस मिलिमीटर. अधिक-उणे तीनची सवलत धरून त्यांनी रीतसर आराखडा काढला, त्यावर ‘मास्टर पीस’ असे लिहिले आणि तो काचेच्या चौकटीत बसवून वडिलांच्या फोटोशेजारी टांगला. मास्टर पीस म्हणजे तो मूळ नमुना, ज्याच्याशी बाकी सगळा माल ताडून पाहायचा. त्यानंतर अकरा वर्षे त्यांनी भोपळे पिकवले. तेहतीस भोपळे वाळून टेबलावर आले आणि तेहतीसच्या तेहतीस रिजेक्ट झाले.

या विषयावर मायलेकांचा संवाद मी जिन्यातून अनेकदा ऐकला आहे. त्याचा एक नमुना देते.

“आरं, कवा वाजिवणार? म्या गेल्यावर?”

“आये, नऊ मिलिमीटर कमी भरतोय.”

“तुझा बा माझ्यापरीस ईतभर बुटका व्हता. म्या घेतलाच न्हवं पदरात?”

यावर ते रजिस्टर उघडून बसत. आईंच्या बोलण्यासाठी त्यात रकाना नव्हता.

रिजेक्ट भोपळ्यांना शनिवारी भोक पडे. तेही कसेबसे नव्हे. चिमणी आत जाईल आणि साळुंकी अडेल, एवढे मोजून. मग तो भोपळा शेजाऱ्यांपैकी कोणाच्या तरी खिडकीला टांगला जाई. पिंपळे गुरवात चिमण्या उरल्या नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आमची गल्ली पाहिलेली नाही. तिथे रिजेक्ट मालावर चिमण्यांचे संसार उभे राहिले होते.

आता माझा गुन्हा.

मी दहावीला भूमिती शिकवते. गोलाचे पृष्ठफळ शिकवायचे, तर मुलांच्या हातात एक गोल द्यावा लागतो. चेंडूवर पेन्सिल उमटत नाही. एकोणीस नंबरचा भोपळा गच्चीवर आला, तेव्हा मला तो पाहताक्षणीच आवडला: मान अगदी आखूड, बाकीचा भाग जवळजवळ गोल. त्याला तांबडी चिठ्ठी लागली होती. घेर सहाशे एकतीस. मी तो मागितला. ते म्हणाले, शनिवारी भोक पाडून देतो. मी म्हणाले, भोक पडलेल्या गोलाचे पृष्ठफळ अभ्यासक्रमात नाही. त्यांनी मान हलवली आणि नियम पुन्हा सांगितला. शुक्रवारी सकाळी मी तो भोपळा जुन्या सुती साडीत गुंडाळून शाळेत नेला.

शनिवारी मोजणीत एक भोपळा कमी भरला. त्यांनी तीन दिवस शोध केला. दूधवाल्याची उलटतपासणी झाली. चौथ्या दिवशी जिन्यात एक कागद चिकटला: ‘रिजेक्ट माल क्र. १९ बेपत्ता. कोणिही वापरू नये.’ तो कागद चार वर्षे तिथे होता आणि चार वर्षे मी दिवसातून दोनदा त्याच्यासमोरून गेले. भोपळा माझ्या कपाटात, भूगोलाच्या नकाशांमागे होता. दर वर्षी एक नवी तुकडी त्याच्यावर पेन्सिलने वर्तुळे काढी. परीक्षेत शून्य मिळाले, की भोपळा मिळाला म्हणायची आपली रीत आहे. या भोपळ्यामुळे मुलांना किमान एवढे तरी कळले, की भोपळ्याचेही क्षेत्रफळ काढता येते.

गेल्या वर्षी चौतिसावा भोपळा टेबलावर आला. घेर सहाशे एकेचाळीस. घरमालकांनी तो तीन वेळा मोजला, मग मला बोलावून माझ्याकडून मोजवून घेतला, मग मोजायची फीतच तपासून पाहिली. अखेर त्यांनी हिरवे पेन काढले. अकरा वर्षांत न वापरल्याने ते चालेना. माझ्या गृहपाठाच्या वह्यांवर त्यांनी ते बराच वेळ घासले, तेव्हा कुठे शाई आली.

आणि त्याच हिवाळ्यात रावेतला भोपळ्यांचा महोत्सव भरला.

महोत्सव म्हणजे द्रुतगती महामार्गाच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानात दोन दिवसांचा मांडव. शनिवार आणि रविवार. वाळक्या भोपळ्यांपासून केलेल्या वस्तू, त्यांवरची नक्षी, त्यांची वाद्ये, असे सगळे एका जागी. प्रवेशद्वाराशी सेल्फी काढण्यासाठी दोन माणसांच्या उंचीचा एक भोपळा उभा केला होता. घरमालकांनी त्याला बोटाने टिचकी मारली. तो फायबरचा निघाला. भोपळ्यांच्या महोत्सवातला सर्वांत मोठा भोपळा खोटा असावा, हे त्यांना फार लागले. ते थांबून चिठ्ठ्यांचे पाकीट चाचपू लागले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून आत नेले.

आत मात्र पाहण्यासारखे पुष्कळ होते. तापल्या सळईने साल जाळून काढलेल्या वेलबुट्ट्या होत्या. भोपळ्याला बारीक छिद्रे पाडून केलेले दिवे होते. आत बल्ब लावला, की मांडवाच्या कापडावर चांदण्या पडत. मुखवटे होते, पाण्याचे डवले होते, घुबडे तर फारच होती. भोपळा पाहिला, की कलावंताला घुबड का सुचते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रमुख पाहुणे उशिरा आले, त्यांनी एक भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि भोपळा हा आपल्या संस्कृतीचा कणा असल्याचे सांगितले. भोपळ्याला कणा नसतो, हे पाचवीच्या मुलांनाही ठाऊक आहे. पण टाळ्या पडल्या.

घरमालक चौतीस नंबरचा खोका छातीशी धरून चालत होते आणि तरीही त्यांचा एक हात मोकळा होता. एका टेबलावर दिव्यांची मांडणी होती. दिवे करणारी बाई हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होती आणि सुटीच्या दिवशी हे काम करी. घरमालकांनी एका दिव्याच्या छिद्रांना पट्टी लावली आणि दोन ओळींत अंतर सारखे नसल्याचे निदर्शनास आणले.

“काका, हँडमेड आहे. थोडं वाकडं असणारच,” ती हसून म्हणाली.

“असू दे की. किती वाकडं चालतं, तेवढं लिहून ठेवा.”

“अहो, तीच तर ब्युटी आहे त्याची.”

“ब्युटीला पण वरची-खालची मर्यादा पाहिजे, ताई.”

ती नाराज झाली नाही. तिने त्यांना एक दिवा उलटा करून आतली जोडणी दाखवली आणि ते दोघे पंधरा मिनिटे छिद्रे पाडण्याच्या टोकांविषयी बोलत राहिले. मी वेळ मोजला, कारण खोका तेवढा वेळ माझ्या हातात होता.

आम्ही आलो होतो मिरजेच्या एका वाद्ये बनवणाऱ्या कारागिरासाठी. मांडवाच्या टोकाला सतरंजीवर ते वृद्ध गृहस्थ बसले होते. भोवती तंबोऱ्यांचे मोठे भोपळे, सरसाचे भांडे आणि कानशी. घरमालकांनी दांडी, खुंटी, तबली आणि आराखडा त्यांच्यापुढे ठेवला. कारागिरांनी आराखडा उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला.

“साहेब, एकतारी हाय ही. घुमला म्हंजे झालं,” ते म्हणाले. शेजारच्या पोत्यातला कुठलाही भोपळा निवडा, असेही त्यांनी सांगितले. घरमालकांनी पोत्यातले अकरा भोपळे मोजले, त्यांच्या जन्मतारखा विचारल्या आणि अकराही परत ठेवले. कारागिरांनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. मग खोका पुढे आला आणि उद्या संध्याकाळपर्यंत एकतारी जोडून द्यायचे ठरले. रविवारी रात्रीच्या गाडीने ते मिरजेला परत जाणार होते.

इथपर्यंत सर्व ठीक होते. कारागिरांनी सहज विचारले, “जोडून झाल्यावर ह्याच खोक्यातनं न्हेणार? टिकंल न्हवं रिक्षात?”

प्रश्न साधा होता. पण ज्याने एकदा टेम्पो रचला होता, त्याला तो साधा वाटला नाही. घरमालक ताठ झाले. खोका त्यांनी स्वतः बनवला होता; सहाही बाजूंना फोम, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे आधार, दांडी बाहेर निघावी म्हणून झाकणाला खाच. घरी त्यांनी भोक पडलेला एक भोपळा आत घालून तो खोका टेबलावरून सहा वेळा पाडून पाहिला होता आणि काही झाले नव्हते. कारखान्यात याला ड्रॉप टेस्ट म्हणतात. परंतु नियम असा, की चाचणी प्रत्यक्ष मालावर व्हायला हवी. नकली मालावर घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे. ही त्रुटी त्यांना त्या क्षणी आठवली.

त्यांनी चौतीस नंबरचा भोपळा खोक्यात ठेवला, झाकण लावले आणि खोका कारागिरांच्या शेजारच्या टेबलाच्या कडेवर आणला. मला वाटले, ते टेबलाची उंची मोजत आहेत. ती त्यांनी मोजलीही. मग खोका सोडला.

पहिल्या आपटण्याला माणसे वळून पाहू लागली. दुसऱ्याला घोळका जमला. माइकवर असलेल्या निवेदकाला हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. “बघा राव, आपले काका काय करतायत! काका, थांबू नका!” असे तो ओरडला आणि लोक आकडे मोजू लागले. तीन. चार. पाच. प्रत्येक वेळी घरमालक खोका कानाशी नेऊन हलवत आणि आत फक्त बिया वाजत. मी त्यांना थांबवायला हवे होते. पण खरे सांगायचे, तर मीही मोजत होते.

सहाव्यांदा आतून बियांचा नव्हे, खापऱ्यांचा आवाज आला.

त्यांनी झाकण उघडले. भोपळ्याचे तीन तुकडे झाले होते. निवेदकाने टाळ्या मागितल्या आणि काही लोकांनी दिल्याही. घरमालकांनी एक तुकडा उचलला, पट्टी काढली आणि सालीची जाडी मोजली. न फोडता ती मोजता येत नाही, हे त्यांचे जुने दुःख होते.

“साडेपाच,” ते म्हणाले. “सगळीकडे सारखी. फार चांगला होता.”

नंतर त्यांनी तांबड्या पेनाने खोक्यावर लिहिले, ‘पॅकिंग नापास’, आणि तुकडे त्याच खोक्यात भरले.

परतताना रिक्षात खोका त्यांच्या मांडीवर होता. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरू, एवढेच ते एकदा बोलले. मी मनात हिशेब केला. पेरणी, फळ, देठावर वाळणे, सावलीत वाळणे, वर्षभराहून जास्त. त्या मुदतीत आईंचा डावा कान बसत नव्हता. काशीद वस्तीच्या अलीकडे सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मी म्हणाले, “एकोणीस नंबर माझ्याकडे आहे.”

त्यांनी मांडीवरचा खोका सरळ केला. मग विचारले, “भोक?”

“नाही.”

“कुठे ठेवलाय?”

“शाळेत. कपाटात. कोरडी जागा आहे.”

सिग्नल सुटला.

“जिन्यातल्या नोटिशीत शुद्धलेखनाची चूक आहे, बाई. मला नंतर कळली. तुम्ही शिक्षिका असून चार वर्षं बोलला नाहीत, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.”

मी रिक्षा शाळेकडे वळवायला सांगितली. पहारेकऱ्याने फाटक उघडले आणि नकाशांमागून भोपळा बाहेर आला. घरी पोचल्यावर घरमालकांनी तो टेबलावर ठेवून रजिस्टर उघडले. जन्मतारीख होती, पिंपाचा क्रमांक होता, फुलाची नोंद होती. फक्त घेर सहाशे एकतीस होता. घेर बदलायला तयार नव्हता आणि नियम तर कधीच बदललेला नव्हता. पण नियमातच एक दार असते. मापात न बसणारा माल ग्राहकाने लेखी मान्य केला, तर तो एकदा वापरता येतो. त्या कागदाला डेव्हिएशन म्हणतात. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही डेव्हिएशनवर सही केली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिले आणि ग्राहकापुढे ठेवले. ग्राहक खाटेवर बसून शेंगा सोलत होता.

“आये, ह्याच्यावर सही कर.”

आई विहारातल्या साक्षरतेच्या वर्गात सही करायला शिकल्या होत्या आणि ती करायला त्यांना आवडे. पण वाचल्याशिवाय त्या करत नसत. कागद लांब धरून त्यांनी विचारले, “ह्ये काय लिवलंय?”

“भोपळा बाबांच्या भोपळ्यापेक्षा नऊ मिलिमीटर लहान आहे. तरी तुला चालेल, असं लिहिलंय.”

“बाच्या कंच्या भोपळ्यापरीस?”

“बाबांच्या एकतारीच्या.”

“ते कळलं. तीन भोपळं झालं त्या एकतारीला. तू कंचा म्हंतोस?”

घरमालक खाली बसले. आईंनी शेंगा बाजूला सारल्या आणि सगळे सांगितले. पहिला भोपळा त्यांच्या माहेरचा, लहानसा. तो घरमालकांनीच लहानपणी फोडला; त्याच्यावर बसून भात खात असताना. दुसरा उंदरांनी कुरतडला. तिसरा वडिलांनी जयंतीच्या तोंडावर घाईघाईने आठवडी बाजारातून उचलून आणला.

“त्यो मोठा झाला,” आई म्हणाल्या. “काखंत बसत न्हाई म्हणून मरस्तवर कुरकुरला तुझा बा.”

तपासणीच्या धंद्यात माल चुकतो, पट्टी चुकते, माणूस तर चुकतोच. मास्टर पीस चुकला, असे होत नाही. तसे झाले, तर आजवर केलेल्या प्रत्येक निकालाचे काय करायचे, याचे उत्तर कुठल्याच रजिस्टरात नसते. तेहतीस भोपळ्यांतले काही मोठे म्हणून गेले होते आणि काही लहान म्हणून. माझे घरमालक उठले, भिंतीवरच्या चौकटीपाशी गेले आणि आराखड्याच्या काचेला त्यांनी एक तांबडी चिठ्ठी चिकटवली. ती वाकडी लागली. त्यांनी ती सरळ केली नाही.

“मग माप काय धरायचं, आये?”

“कानाला इचार.”

“कान पण नातेवाईकच असतो.”

“मंग?” आई म्हणाल्या. “परक्यासाठी वाजिवणार हाईस का?”

आणि त्यांनी सही केली. कागदाची आता गरज नव्हती, पण पेन हातात होते.

रविवारी सकाळी आम्ही एकोणीस नंबर मिरजेच्या कारागिरांपुढे ठेवला. यावेळी तो खोक्यात नव्हता. माझ्या जुन्या सुती साडीत होता. त्यांनी टिचकी मारली, कान लावला आणि मान डोलावली. पेन्सिलच्या वर्तुळांकडे बोट दाखवून ही नक्षी कुणाची, असे विचारले. ते विषुववृत्त आहे, असे मी सांगितले. “ऱ्हाऊ द्या मग,” ते म्हणाले. दिव्यांची बाई तेवढ्यात येऊन पाहून गेली आणि हे डिझाइन फारच मॉडर्न असल्याचे तिने मला सांगितले. चार वर्षांच्या दहावीच्या तुकड्यांतर्फे मी आभार मानले.

संध्याकाळी आई खाटेवर डावा कान दाराकडे करून बसल्या होत्या. घरमालकांनी एकतारी काखेत धरली. ती काखेत नीट बसली, हे आईंनी पाहिले आणि मीही पाहिले. त्यांनी तार छेडली. मग वडिलांचे एक गाणे म्हणायला घेतले. त्यांच्या गाण्याविषयी मी जास्त लिहिणार नाही. एकतीस वर्षांत त्यांनी यंत्रांच्या आवाजाखेरीज काही ऐकले नसावे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दुसऱ्या कडव्याला सूर एका बाजूला आणि तार दुसऱ्या बाजूला गेली. ते न थांबता शेवटपर्यंत गायले.

आई डोळे मिटून होत्या. गाणे संपले, तसा घरमालकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पण पेन न काढता ते आईंकडे पाहत राहिले. निकाल तिकडून यायचा होता.

“तुझ्या बाला बी ह्याच्यापरीस बरं येत न्हवतं,” आई म्हणाल्या. “म्हन परत.”